आजोबा मिळतील का?

त्या दिवशी सकाळपासून वारा अंगात आल्यासारखा घुमत होता, आणि आपल्या फोटोफ्रेमच्या दुकानात वर्ख लावायला तिनं नेमका तोच दिवस निवडला होता.

सोनेरी वर्ख ही भलती मानी वस्तू. उचलू जावं तर बोटालाच चिकटते, जोरात श्वास सोडला तर रुसून उडून जाते. म्हणून तिनं पंखा बंद केला होता, खिडक्या लावल्या होत्या, नाकातोंडाला रुमाल बांधला होता आणि ती फ्रेमच्या कोपऱ्यावर ओणवी झाली होती. मऊ ब्रशच्या टोकावर वर्खाचा चौकोन थरथरत होता. आता टेकवायचा... आता...

आणि दार उघडलं. नुसतं उघडलं असतं तरी चाललं असतं, हे चांगलं सताड उघडलं. वारा आत घुसला. वर्ख ब्रशवरून उठला, दुकानभर एक ऐटबाज फेरी मारून दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डाव्या भुवईवर जाऊन बसला.

"दार!" ती ओरडली.

"अं?"

"दार लावा हो आधी!"

त्यानं घाईघाईनं दार लावलं. उंच, किंचित वाकलेला, चेहऱ्यावर चोरी करायला आल्यासारखे भाव. आणि कान... देवानं बाकी सगळं बेतानं दिलं होतं, कान मात्र सढळ हातानं. त्यात ती सोन्याची भुवई. तिला हसू आवरेना, पण रुमाल होता म्हणून लाज राहिली.

"काय हवंय?" तिनं शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं.

त्यानं मागं वळून रस्त्याकडे बघितलं. घसा खाकरला. मग काउंटरवर झुकून हळूच म्हणाला, "आजोबा मिळतील का?"

"कोणाचे?"

"कोणाचेही चालतील. म्हणजे... जरा बरे दिसणारे. घरंदाज."

आतल्या खोलीतून आत्याचा आवाज आला. "काय म्हणतोय गं तो?"

"आजोबा हवेत म्हणे."

"वय काय?"

"आजोबांचं?"

"याचं गं!"

त्याचे कान लाल झाले. एवढे मोठे कान लाल झालेले बघण्यासारखे असतात. तिनं बघितले. आणि त्याच घटकेला आपलं काहीतरी बिनसलं, हे तिला पुढं बरेच दिवस कबूल करायचं नव्हतं.

तर प्रकरण असं होतं. त्याच्या काकांना सगळं शहर नळकाका म्हणून ओळखायचं. नळ, कमोड, बेसिन, टब यांचं भलंमोठं दुकान. अर्ध्या शहराचं पाणी त्यांच्या नळांतून यायचं आणि उरलेल्या अर्ध्याचं त्यांच्या पाइपांतून जायचं. पैसा आला, बंगला आला, दिवाणखान्यात झुंबर आलं. आता काकांना मोठ्या माणसांत बसायचं होतं. आणि शहरातली मोठी माणसं म्हणजे टेकडीवाले. टेकडीवरच्या जुन्या बंगल्यात राहणारं, सात पिढ्यांच्या गप्पा मारणारं घर. त्या घरच्या बाईसाहेबांनी एका समारंभात नळकाकांना सहज विचारलं होतं, "आपलं मूळ घराणं कुठलं हो?" आयुष्यात कुठंही न अडलेले काका तिथं अडले.

"आणि आता टेकडीवाले आमच्या घरी यायचेत," तो म्हणाला. "भिंतीवर नळांच्या कंपनीचं कॅलेंडर आहे फक्त. काका म्हणाले, कुठूनही आण, पण पूर्वज आण."

"तुमचे स्वतःचे नाहीत?"

"आजोबांचा एकच फोटो आहे. माळ्यावर टाकलाय काकांनी." तो थोडा थांबला. "ते नळ दुरुस्त करायचे. दारोदार जाऊन. फोटोत सिंकखाली बसलेत, हातात पाना आहे... आणि हसतायत."

"मग लावा की तो."

"टेकडीवाल्यांसमोर?"

ती उठली आणि त्याला मागच्या भिंतीपाशी घेऊन गेली.

ती भिंत म्हणजे दुकानाची खास गोष्ट होती. भंगारवाले जुन्या नक्षीदार चौकटी आणून विकायचे, आणि चौकटीत पुष्कळदा कुणाचा तरी फोटो तसाच राहिलेला असायचा. लोक लाकूड विकताना आतला माणूसही विकून टाकतात आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही. तिच्या वडिलांना वाटायचं. ते चौकट विकायचे, पण फोटो साध्या पट्टीत बसवून या भिंतीवर टांगायचे. कुणीतरी येईल, बघेल, म्हणेल 'अरे, ही तर माझी मावशी', आणि घेऊन जाईल. तसं क्वचितच व्हायचं, पण व्हायचं. वडील गेल्यावर भिंत तिच्याकडे आली. नावं माहीत नव्हती म्हणून तिनंच ठेवली होती : रागीट मामा, हसऱ्या आजी, चष्मा हरवलेले मास्तर.

"इथलं काही विकायचं नाही, असा नियम आहे," ती म्हणाली. "ज्यानं ओळखलं, त्यानं न्यायचं. मी फार तर उसने देईन. पण अट आहे. कुणी खरा ओळखणारा भेटला, की त्याच पावली परत. कबूल?"

"कबूल. पण कोण ओळखणार आहे?"

"ते आजवर प्रत्येक जण म्हणालाय."

ती एकेक चेहरा त्याच्या चेहऱ्याशेजारी धरून बघू लागली. रागीट मामांचं नाक बरं होतं, पण हनुवटी दगा देत होती. मग तिनं कोपऱ्यातले काठीवाले उतरवले. काळा कोट, हातात चांदीच्या मुठीची काठी, करारी नजर, आणि दोन्ही बाजूंना ऐसपैस कान.

"हे घ्या. हे तुमचेच."

"कशावरून?"

"तोंडावर कसं सांगू... आरशात बघा."

त्यानं आरशात बघितलं. आधी त्याला भुवई दिसली. "हे काय आहे?"

"सोनं. धुऊन लगेच जात नाही हं."

"राहू दे मग," तो म्हणाला, आणि काठीवाल्यांना काखोटीला मारून निघाला. दारापाशी थबकला. या वेळी त्यानं दार अगदी अलगद उघडलं.

दोन दिवसांनी स्वारी पुन्हा हजर. काकांना आजीही हवी होती. मग मामा. मग 'जमलं तर लष्करातला कुणीतरी'. दर वेळी तो फोटो निवडायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट लावायचा, आणि ती त्याला लावू द्यायची. आत्या चहाचे कप आणून ठेवायची आणि जाता जाता टोमणा मारायची, "या मुलाचं घराणं एवढं वाढतंय की पुढच्या महिन्यात मलाही नेईल काकू म्हणून."

"तुम्ही येत असाल तर आत्ताच नेतो," तो म्हणायचा.

"आणि हिला कोण बघेल?"

यावर तो काच फार लक्ष देऊन पुसायचा. त्याला काच पुसायला येत नव्हती. कोपरे राहायचे. तो गेल्यावर ती पुन्हा पुसायची. आणि त्या कामाचा तिला मुळीच कंटाळा येत नव्हता, यावरून काय ते समजावं.

पण एक प्रश्न राहून गेला होता. तो तिनं एका दुपारी काच कापता कापता विचारला.

"टेकडीवाल्यांशी तुमच्या काकांचं एवढं काय अडलंय?"

"त्यांच्या घरी मुलगी आहे."

"बरं..."

"तिच्यासाठी आमच्या घरचा मुलगा... बाईसाहेबांच्या मनात आहे. घराणं बघून ठरवू म्हणाल्यात."

"तुमच्या घरात मुलगे किती?"

तो खाली बघत म्हणाला, "एकच."

काच कापायचा हिरा तिच्या हातात कधी वाकडा गेला नव्हता. त्या दिवशी गेला. काच कडकन भलतीकडून फुटली.

"लागलं का?" तो धावला.

"नाही." तिनं हात मागं घेतला. "तुम्हाला पसंत आहे ती?"

"मी बघितलीसुद्धा नाही. आईवडील गेल्यापासून काकांनी वाढवलं मला. कधी काही कमी पडू दिलं नाही, कधी काही मागितलं नाही. आता हे एकच मागतायत. नाही कसं म्हणू?"

"तोंडानं," ती म्हणाली. "नाही म्हणायला तोंड लागतं. बाकी काही नाही."

त्यानं तिच्याकडे बघितलं. काहीतरी ओठांवर आलं होतं... ते तिला दिसलं, त्यालाही कळलं. पण बाहेर आलं नाही. "नेलेले फोटो आणून देतो, सोनेरी चौकटी करून घरी टांगायला याल ना?" एवढंच तो म्हणाला.

ती हो म्हणाली. कामाला नाही म्हणायची तिला सवय नव्हती. आणि मग पुढचे दिवस तिनं त्या सगळ्या चौकटी अशा मन लावून सजवल्या, की काय सांगावं. वर्ख गुळगुळीत बसला, कोपरे बेमालूम जुळले. जितकं काम सुरेख होत होतं, तितका तो तिच्या हातून निसटत चालला होता. आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतोय हे तिला कळत होतं, आणि तरी हात वाईट काम करायला तयार होत नव्हते.

टेकडीवाले यायच्या दिवशी ती दुपारीच नळकाकांच्या बंगल्यावर गेली. दिवाणखान्यात काका भिंतीसमोर येरझाऱ्या घालत पाठांतर करत होते. माणूस गोल, बडबड्या, आणि मनानं वाईट मुळीच नव्हता. फक्त आपण कुठून आलो ते कुणाला कळू नये, ही एकच धास्ती त्यांना आयुष्यभर पुरली होती.

"हे माझे सख्खे आजोबा! वडिलांचे वडील! कसं वाटतंय?"

"जोरात वाटतंय," काकू म्हणाल्या. त्या सोफ्याच्या कडेवर बसून कप पुसत होत्या. "एवढ्या परक्या माणसांना भिंत मिळाली. माझ्या सासऱ्यांना तेवढी नाही."

"तू आज तोंड उघडू नकोस, एवढी कृपा कर."

ती शिडीवर चढून शेवटचा खिळा ठोकत होती. तो खाली शिडी धरून उभा होता. नवा कोट, चापून बसवलेले केस, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. "सरळ आहे?" तिनं विचारलं. "आहे," तो म्हणाला. तो फोटोकडे बघतच नव्हता.

इतक्यात फाटकाशी गाडी थांबल्याचा आवाज आला. टेकडीवाले वेळेआधी आले होते.

"उतरा!" काका ओरडले. "नाही, उतरू नका! आता कुठं उतरताय! तुम्ही... तुम्ही झुंबर पुसताय!"

शिडी झुंबराकडे सरकवण्यात आली, आणि पुढचा सगळा प्रकार तिनं झुंबराचे लोलक पुसत वरून बघितला.

आधी बाईसाहेब आल्या. उंची साडी, त्याहून उंच मान. मागून त्यांची मुलगी, जिला खुर्चीत बसल्यापासून स्वतःच्या नखांखेरीज जगात काही दिसत नव्हतं. आणि सगळ्यांत शेवटी, काठी टेकत, बाईसाहेबांचे सासरे, आप्पा. आप्पांना बघून तिच्या हातातलं फडकं जरा थांबलं. म्हाताऱ्या माणसाचे कान किती मोठे असावेत!

काकांनी वेळ दवडला नाही. "हे माझे सख्खे आजोबा! वडिलांचे वडील! शिस्तीचे मोठे भोक्ते. ही चांदीच्या मुठीची काठी बघितलीत ना..."

बाईसाहेबांनी बघितली, आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"चांदीची मूठ म्हणालात?" आप्पांनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि ते भिंतीपाशी गेले.  मग त्यांचा आवाज अगदी लहान मुलासारखा आला. "बाबा..."

त्यांनी मागं वळून बघितलं.

"सूनबाई, हे पॉलिशला गेलेत म्हणाली होतीस ना? इथं कसे आले?"

बाईसाहेबांच्या चेहऱ्याचा रंग उडाला. शिडीवरून तिला सगळा उलगडा झाला. टेकडीवर आता घराण्याखेरीज फारसं काही शिल्लक नव्हतं. बाईसाहेबांनी नक्षीदार चौकट गुपचूप भंगारात विकली होती, आणि चौकटीबरोबर सासऱ्यांचे वडीलही. एकीनं पूर्वज विकला होता, दुसऱ्यानं आणला होता, आणि दोघंही आता एकमेकांच्या तोंडाकडे बघत होते.

नळकाकांनी जन्मात एक संधी वाया घालवली नव्हती. हीदेखील घालवली नाही. "अहो, म्हणजे..." त्यांनी दोन्ही हात पसरले, "म्हणजे आपण एकाच रक्ताचे!"

"हो, हो!" बाईसाहेबांनी तो दोर घट्ट धरला. "मला वाटलंच होतं! मुलाचे कान बघितल्यावरच वाटलं."

सगळे कानांकडे बघू लागले. भिंतीवरचे, आप्पांचे, त्याचे. पुरावा चांगला सज्जड होता.

"काका," तो शांतपणे म्हणाला, "सख्खे आजोबा ना?"

"सख्खे म्हणजे सख्खे!"

"मग आप्पा तुमच्या वडिलांचे भाऊ. तुमचे चुलते."

"अर्थात!"

"मग यांची नात माझी बहीण झाली."

 मग नखं बघणाऱ्या मुलीनं मान वर केली, आणि तुरुंगाचं दार उघडल्यासारखी ओरडली, "दादा!"

झुंबराचे लोलक किणकिणले. वर ती हसत होती. खाली काकांच्या कपाळावर घाम आला होता. लग्न की घराणं? त्यांनी एकदा मुलीकडे बघितलं, एकदा काठीवाल्यांकडे, आणि निश्चय केला. "बहीण तर बहीण! सून काय, कुठूनही आणता येईल. असे आजोबा पुन्हा मिळायचे नाहीत!"

सुटला! तिच्या मनात एवढा एकच शब्द आला. सुटला... आणि त्यासाठी तिला कसलंही खोटं बोलावं लागलं नाही, ज्याच्या त्याच्या खोट्यानंच ज्याला त्याला सोडवलं. आता फक्त गप्प बसून लोलक पुसायचे होते.

पण आप्पा भिंतीपाशी तसेच उभे होते. 

"माझ्या बाबांना मी एकटाच," ते म्हणाले. "दुसरं मूल नव्हतं त्यांना. का... होतं? दुसरं घर होतं त्यांचं?" त्यांनी सगळ्यांकडे एकेकदा बघितलं. "माझ्या आईला माहीत होतं का हो हे?"

 काका पायांकडे बघत होते, बाईसाहेब पडद्याकडे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मेलेल्या माणसावर आळ, तोही तिच्या भिंतीवरून गेलेल्या माणसावर! वडील असते तर त्यांनी काय केलं असतं, ते तिला विचारायची गरज नव्हती.

ती शिडी उतरू लागली. एकेक पायरी उतरताना तिला स्वच्छ दिसत होतं, की आपण खरं सांगितलं की ती मुलगी त्याची बहीण राहणार नाही. मोकळं झालेलं दार आपणच पुन्हा लावतोय. तरी ती उतरली.

"आप्पा, हे तुमचेच बाबा," ती म्हणाली. "तुमचेच, आणि कुणाचे नाहीत. त्यांचं दुसरं घरबीर काही नव्हतं. ते भंगारातून माझ्या दुकानात आले होते. मी ते यांना उसने दिले. कान जुळले म्हणून दिले... चूक माझी." तिनं चौकट उतरवून त्यांच्या हातात ठेवली. "ओळखणारा भेटला की त्याच पावली परत, असा आमचा नियम आहे."

आप्पांनी चौकट छातीशी धरली. सुनेला ते एक शब्दही बोलले नाहीत. त्यापेक्षा बोलले असते तर बाईसाहेबांना बरं वाटलं असतं.

काका सोफ्यावर मटकन बसले. आता पाहुणे उठतील, आपल्या नावाची शहरभर शोभा होईल. पण बाईसाहेब उठल्या नाहीत. त्यांनी मान पुन्हा उंच केली. टेकडीवरचं छप्पर गळत होतं, आणि समोर झुंबर होतं. "झालं ते झालं," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडची झाकली मूठ राहील. आणि एका परीनं बरंच झालं म्हणा. मुलं काही भाऊबहीण नाहीत. बोलणी पुढं न्यायला हरकत नाही..."

काकांच्या चेहऱ्यावर पुन्हा दिवा लागला. "नाहीच मुळी हरकत! कुणाची काय हरकत असणार?"

ती शिडी मिटू लागली. आता तिथं थांबण्यात अर्थ नव्हता. शिडीच्या कडीचा खटका तिला नेहमी एका हातानं जमायचा, आज जमेना.

"नाही," मागून आवाज आला.

"काय नाही?" काका म्हणाले.

"मी नाही म्हणतोय. काका, तुम्ही मला वाढवलंत, तुमचे पाय मी कधीही धरीन. पण लग्नाला नाही." तो त्यांच्याशी बोलत होता आणि बघत तिच्याकडे होता. "तोंडानं म्हणतोय."

"माझंही नाही!" मुलगी टुणकन उठली. "आणि तुम्ही दादाच राहा, प्लीज!"

आप्पा त्या गोंधळातही हसले. काकूंनी पुसलेला कप खाली ठेवला आणि पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणाल्या, "चहा गार झाला. दुसरा टाकते."

तिनं शिडी खांद्यावर घेतली आणि ती बाहेर पडली. काम संपलं होतं.

त्यानंतर बरेच दिवस कुणी आलं नाही. तो तिच्यासाठी नाही म्हणाला होता, की नुसतंच नाही म्हणाला होता? प्रश्न सरळ होता, पण विचारायचा कुणाला? ती काचा पुसत राहिली. कोपरे सगळे स्वच्छ निघत होते, आणि तेच तिला आवडत नव्हतं.

"गेला असेल पूर्वज परत करायला," आत्या म्हणायची. "बरीच माणसं नेली होती त्यानं."

मग एका सकाळी, वारा पुन्हा सुटलेला असताना आणि ती पुन्हा वर्खावर ओणवी असताना, दार उघडलं. अगदी अलगद. आणि लगेच लागलं. वर्ख जागचा हलला नाही.

दारात नळकाका होते. त्यांच्यामागं तो, उरलेले सगळे पूर्वज दोन्ही काखांत घेऊन. काकांनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी काउंटरवर ठेवलं आणि स्वतःच उघडलं. पिवळा पडलेला, कोपरा दुमडलेला फोटो. सिंकखाली उकिडवा बसलेला एक माणूस, हातात पाना, तोंडभर हसू. आणि कान... म्हणजे कान इथून आले होते तर!

"मोठा करायचाय," काका म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बराच खाली होता. "आणि तो पाना... कापता येईल का?"

"येईल," ती म्हणाली. "पण हात असाच राहील. मग बघणारा विचारेल, हातात काय होतं?"

काकांनी फोटोतल्या पान्यावर बोट ठेवलं. "शाळेत मी सांगायचो, माझे वडील इंजिनिअर आहेत," ते हळूच म्हणाले. "एकदा शाळेतलाच नळ दुरुस्त करायला आले. मी ओळख दाखवली नाही. त्यांनीही नाही दाखवली हो. मला अडचण होऊ नये म्हणून..." त्यांनी नाक पुसलं. "राहू दे पाना. चांगला दिसू दे. त्या पान्यावर तर माझं सगळं उभं आहे."

"वर्ख लावू चौकटीला?"

"भरपूर लावा!" काका क्षणात पुन्हा काका झाले. "टेकडीपेक्षा जास्त लावा!" आणि पुतण्याकडे एक नजर टाकून, उगाच घड्याळ बघत, ते बाहेर पडले. "मी गाडीत बसतो. घाई नाही."

तो उरला. पूर्वजांना त्यानं एकेक करून भिंतीवर टांगलं. सगळे वाकडे. तिनं एकही सरळ केला नाही.

"दिवस फार घेतलेत," ती म्हणाली.

"काका माळ्यावर चढायला तयार होईपर्यंत थांबलो. फोटो त्यांनी स्वतः काढायला हवा होता." तो काउंटरपाशी आला. "आता एक अडचण आहे."

"काय?"

"आजोबा मिळाले. पण ते म्हणतायत... त्यांना नातसून हवी."

तिनं ब्रश खाली ठेवला.  "फोटोतली माणसं बोलतात वाटतं तुमच्याकडची?"

"हसतायत की. बघ ना."

बघ. 'तुम्ही' कधी संपलं आणि 'तू' कधी सुरू झालं, दोघांनाही कळलं नाही. कळलं तेव्हा त्याचे कान लाल होते आणि तिचे गाल.

"इथं काही विकत मिळत नाही," ती म्हणाली. "आणि उसनं आता मी कुणाला काही देणार नाही. अंगाशी येतं."

"मग नियम काय होता? ज्यानं ओळखलं, त्यानं न्यायचं." तो काउंटरवर झुकला. "मी ओळखलं. त्या पहिल्या दिवशीच. तू दार म्हणून ओरडलीस ना... तेव्हाच. फक्त बोलायला तोंड नव्हतं."

वडील गेल्यापासून या दुकानात सगळ्यांत जुनी बेवारस वस्तू आपणच, असं ती गमतीनं म्हणायची. ती गंमत नव्हती, हे तिला आत्ता कळलं, कारण आता ते खरं राहिलं नव्हतं.

"मीही ओळखलं होतं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"तोंडावर कसं सांगू..."

तो एवढ्या मोठ्यानं हसला, आणि हसताना मागं सरकून दाराला असा काही टेकला, की दार सताड उघडलं. वारा आत घुसला. वर्खाची अख्खी चवड उठली आणि दुकानभर सोनं सोनं झालं. काउंटरवर, पूर्वजांवर, तिच्या केसांत, त्याच्या दोन्ही कानांवर. बाहेर गाडीतून काका मान लांब करून बघत होते.

"अरे, दार लावा रे!" आतून आत्या ओरडली. "वर्ख चाललाय सगळा!"

दार लावायला दोघांपैकी कुणीही गेलं नाही.